अफवेच्या आधी कोण पोहोचतं?

२ जून २०१४, सोमवार. रात्रीची नमाज आटोपून हडपसरमध्ये आपल्या खोलीकडे निघालेल्या एका तरुणाला जमावानं गाठलं आणि हॉकी स्टिकनं इतकं मारलं की तो वाचला नाही. तो मूळचा सोलापूरचा, नोकरीसाठी पुण्यात आलेला, तिशीही न ओलांडलेला. डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर दाढी, एवढी ओळख मारणाऱ्यांना पुरली.

त्याआधीच्या शनिवारी फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी, संगणकावर फेरफार केलेली चित्रं झळकली होती. लगेच पुण्यात आणि राज्यात ठिकठिकाणी बंद पुकारले गेले, दगडफेक झाली, पीएमपीच्या बसच्या काचा फुटल्या. सोलापूरच्या त्या तरुणाचा या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या खटल्यातल्या सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. खून झाला हे नक्की. तो कोणी केला हे कायद्याच्या कागदावर आजही कोरंच आहे.

या प्रकरणात खोटं नेमकं कुठे होतं? ‘अपमाहिती’ म्हटलं की आपल्यासमोर एखादं धडधडीत असत्य विधान येतं: अमुक मेला, तमुक बंद झालं. इथे तसं विधानच नव्हतं. विटंबना करणारी चित्रं खरोखरच कोणीतरी तयार केली होती आणि ती पाहून संताप येणं स्वाभाविक होतं. खोटं होतं ते न लिहिलेलं वाक्य: ‘हे त्यांनी केलं.’ ते कोणी टाइप केलं नाही, तरी वाचलं मात्र अनेकांनी. न लिहिलेल्या वाक्याचा खुलासा करता येत नाही आणि ते लिहिणाऱ्याला पकडताही येत नाही. म्हणून अपमाहिती पसरवण्यात मुरलेली माणसं बरंचसं काम वाचणाऱ्यावरच सोडतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, कारण ती सज्जनांना लागू पडते. अशी चित्रं पुढे कोण पाठवतं? ज्यानं बनवली तो एकटा किंवा चार-दोन जण. त्यांना घरोघरी पोहोचवतात ती चिडलेली माणसं: ‘बघा काय केलंय, निषेध!’ असं वर लिहून. विटंबना करणाऱ्याला जो प्रसार स्वतःच्या बळावर कधीच साधला नसता, तो त्याला महाराजांवर प्रेम करणाऱ्यांच्या हातून फुकट मिळतो. निषेध करायचाच असेल तर चित्र न जोडता करता येतो. पोलिसांकडे तक्रार करायची तर त्यांना दुवा आणि स्क्रीनशॉट देता येतो. तोच स्क्रीनशॉट तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकण्याची गरज नसते. हे साधं पथ्य शाळेत शिकवलं जात नाही. ते शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

हडपसरच्या घटनेनंतर चार वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे भटके लोक होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या काळात देशभर फिरत होते. त्यांच्यासोबत एक चित्रफीतही फिरत होती: दुचाकीवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारं मूल उचलतात आणि पसार होतात. मूळ फीत कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. तिच्या शेवटी दुचाकीस्वार मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कोणीतरी शेवट कापला. मग जे उरलं त्यात प्रत्येक चौकट खरी आणि अर्थ मात्र पूर्ण खोटा. फेरफार करायला मोठं तंत्रज्ञान लागतं असं आपण समजतो. इथे कात्रीवर भागलं.

त्याच रात्री मालेगावात याच संशयावरून लहान मुलासह आलेल्या एका कुटुंबाला जमावानं घेरलं. तिथे मात्र ते कुटुंब वाचलं. स्थानिक माणसांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस वेळेत पोहोचले आणि चिडलेल्या गर्दीतून त्यांना बाहेर काढलं. अफवा एकच होती, तारीख एकच आणि दोन गावांमधलं अंतरही फार नाही. मालेगावातल्या जमावापाशी अधिक माहिती होती म्हणून फरक पडला असं नाही. जमाव आणि बळी यांच्यामध्ये वेळेवर उभं राहायला माणूस होता, म्हणून पडला. मला इथे जे सांगायचं आहे ते याच फरकाभोवती फिरतं. तथ्यतपासणी महत्त्वाची आहेच, पण ती बहुतेक वेळा उशिरा पोहोचते. आधी पोहोचतो तो ओळखीचा माणूस, अफवा घेऊन किंवा अफवा अडवायला.

माणसं अफवा का उचलतात, याचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुरू झाला. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही टिकून आहे: विषय लोकांना जितका जिव्हाळ्याचा आणि त्याबद्दलची परिस्थिती जितकी धूसर, तितकी अफवा बळकट. सूत्र गुणाकाराचं आहे, बेरजेचं नाही. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर अफवा उभीच राहत नाही. आपल्या मुलांच्या जिवाचं महत्त्व कमी करता येणार नाही. धूसरपणा मात्र कमी करता येतो. नागरिकाच्या हातात आहे ती ही बाजू.

त्यानंतर सत्तर वर्षांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या तीन संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास तपासला. त्यांचा निबंध २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. सगळ्यात अस्वस्थ करणारा निष्कर्ष असा की हे यंत्रांनी चालवलेल्या खात्यांमुळे होत नव्हतं. ती खाती खरं आणि खोटं सारख्याच वेगानं पसरवत होती. वेगात फरक पाडत होती माणसं. खोट्यात नावीन्य असतं, आश्चर्य असतं, किळस असते. खरं बहुधा आधीच कुठेतरी ऐकलेलं असतं.

पण दोष सगळा फोनचा असता तर एकोणिसाव्या शतकात आपण सुखी असायला हवं होतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. ऑक्टोबर संपता संपता गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तिथे रुग्णांना मुद्दाम मारतात, अशी वदंता होती. माणसाच्या देहातून ‘मोमियाई’ नावाचं औषधी तेल काढतात, असं बोललं जाई. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं होतं. त्याचा राणी सूड घेते आहे, असंही काहीजण सांगत. आज हे हास्यास्पद वाटतं. मात्र इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. प्लेगचं मरणच तसं होतं आणि बहुतेकांना तिथे नेलं जाई तेव्हा फार उशीर झालेला असे. त्यात ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला आणि मार्चमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या देखरेखीखाली गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. जे सरकार बुटांसह देवघरात शिरतं, त्याच्या आरोग्यविषयक सूचना कोण ऐकणार? अफवा अज्ञानातून जन्मते, असं म्हणून शहाणी माणसं मोकळी होतात. पुष्कळदा ती अविश्वासातून जन्मते आणि तो अविश्वास कमावलेला असतो.

याच काळात पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे माळावर, एक वेगळं इस्पितळ उभं राहिलं. सावित्रीबाई फुले यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत लष्करी वैद्यकीय सेवेत होता. आईच्या सांगण्यावरून त्यानं तिथे प्लेगच्या रुग्णांवर उपचार सुरू केले. सावित्रीबाई स्वतः आजाऱ्यांना तिथे घेऊन येत. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगनं आजारी असल्याचं कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन इस्पितळात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

ही कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. अफवांच्या अभ्यासकानं तिच्याकडे आणखी एका बाजूनं पाहावं. ‘इस्पितळात मारत नाहीत’ असा कितीही मोठा जाहीरनामा सरकारनं लावला असता, तरी मुंढव्यातल्या आईबापांनी तो कितपत मानला असता? ज्या बाईनं या वस्त्यांमधल्या मुलांसाठी शाळा चालवल्या, दुष्काळात अन्न दिलं, आपल्या घरचा हौद खुला केला, ती स्वतः येऊन मुलाला उचलते, तेव्हा इस्पितळाबद्दलचा प्रश्नच बदलतो. पत त्या एका दिवसात तयार झाली नव्हती. संकटाच्या दिवशी फक्त ती वापरता आली.

सव्वाशे वर्षांनी हडपसरचं नाव दुसऱ्या एका साथीशी जोडलं गेलं. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सुरू केलेली सीरम इन्स्टिट्यूट इथलीच. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे कोविशील्डच्या पहिल्या साठ्याचे ट्रक तिथून पुणे विमानतळाकडे निघाले आणि १६ तारखेला देशात लसीकरण सुरू झालं. लगेचच २१ जानेवारीला शेजारच्या मांजरीतल्या कंपनीच्या इमारतीला आग लागली. धुराचे लोट दूरवरून दिसत होते. लस जळाली का, घातपात आहे का, अशी चर्चा तासाभरात सुरू झाली. लशीचा साठा सुरक्षित होता. पण ‘जीवितहानी नाही’ हे कंपनीच्या प्रमुखांनी सुरुवातीला जाहीर केलेलं वाक्यही टिकलं नाही. पाच कामगार दगावल्याचं नंतर उघड झालं आणि मग तसं सांगण्यात आलं. घाईच्या तासांत अधिकृत माहितीही कच्ची असू शकते. म्हणून तिच्यावर अविश्वास दाखवायचा असं नाही. तिच्यावर वेळ लिहिलेली असते, ती वाचायची. सायंकाळी पाचची माहिती रात्री नऊला शिळी होते आणि बदललेली माहिती म्हणजे लपवाछपवीच, असंही नसतं.

लशीबद्दलचा सगळ्यात बोधप्रद गोंधळ मात्र २०२४ मध्ये झाला. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस बातमी आली की ॲस्ट्राझेनेका कंपनीनं ब्रिटनमधल्या न्यायालयात कबूल केलं आहे: आपल्या लशीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा विकार उद्भवू शकतो. कोविशील्ड म्हणजे तीच लस, हडपसरात बनलेली. बातमी खरी होती. नवीन मात्र नव्हती. युरोपातल्या औषध नियामकांनी हा धोका एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता. मे २०२१ मध्ये भारताच्या आरोग्य मंत्रालयानं कोविशील्डनंतर गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणं नोंदवली होती. प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१. असा त्रास झाला तर तो साधारण लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत होतो. तरीही २०२४ च्या मे महिन्यात, तीन वर्षांपूर्वी लस घेतलेली माणसं प्रत्येक हृदयविकाराच्या बातमीकडे त्या नजरेनं पाहू लागली.

त्याच आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की लसीकरण प्रमाणपत्रावरचा पंतप्रधानांचा फोटो गायब आहे. ‘कंपनीनं कबुली देताच फोटो काढला’ हा संदेश वाऱ्यासारखा फिरला. फोटो खरोखर नव्हता. पण तो लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे काढला होता. कबुली आणि फोटो, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांना जोडणारं ‘म्हणून’ तेवढं खोटं होतं. अशा संदेशाची तपासणी करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा वस्तुस्थिती तपासतो, ती खरी निघते, आणि तो निर्धास्त होऊन संदेश पुढे पाठवतो. तपासायचं असतं ते जोडवाक्य.

लशीचाच विचार मानसशास्त्रानंही उचलला आहे. विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडलं की युक्तिवादाचा सौम्य नमुना आधी दाखवला आणि त्यातली चलाखी उलगडून सांगितली, तर पुढे खऱ्या प्रचाराला माणूस सहज बळी पडत नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे हाच विचार यूट्यूबवरच्या छोट्या फितींतून हजारो लोकांवर वापरून पाहिला: भीती कशी चेतवतात, दोनच पर्याय असल्याचा भास कसा निर्माण करतात, एखाद्या गटाला बळीचा बकरा कसं करतात. फरक दिसला, पण माफक, आणि लशीसारखाच त्याचाही प्रभाव काळानुसार ओसरतो. चमत्काराची अपेक्षा धरू नये. मात्र एक फायदा मोठा आहे: कोणता पक्ष खरं बोलतो यावर वाद न घालता फसवण्याची रीत शिकवता येते. कराचीच्या त्या फितीचा कापलेला शेवट ज्यानं एकदा पाहिला, तो पुढच्या फितीला आपोआप विचारतो: याआधी काय होतं, यानंतर काय होतं?

आता सोसायटीच्या ग्रुपकडे येऊ. मगरपट्टा, अमनोरा, फुरसुंगी, मांजरी; हडपसरच्या आसपास गेल्या पंचवीस वर्षांत वाढलेल्या वस्तीत राज्याच्या आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं आहेत. शेजारच्या विंगमध्ये कोण राहतं हे ठाऊक नसतं, पण पाण्याचा टँकर, कचरा आणि पार्किंग यासाठीच्या ग्रुपवर सगळे असतात. अफवेला याहून सोयीची जागा नाही. संदेश अनोळखी माणसानं पाठवला असता तर आपण दोनदा पाहिलं असतं; तो ‘बी-४०२ चे काका’ पाठवतात म्हणून आपण एकदाही पाहत नाही. व्हॉट्सॲपनं राईनपाड्यानंतर जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरता मर्यादित केला आणि एप्रिल २०२० मध्ये अनेकदा पुढे गेलेल्या संदेशासाठी ही मर्यादा एकावर आणली. दोन बाणांची खूण दिसली की हा मजकूर काकांचा नाही, त्यांच्याकडे कुठून तरी वाहत आलेला आहे, एवढं समजायला हरकत नाही.

मग काकांना सांगायचं कसं? ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘हे फेक आहे’ असं लिहिलं की काका आपल्या संदेशाचं नाही, आपल्या अब्रूचं रक्षण करायला उभे राहतात आणि त्यांचे दोन मित्र मदतीला येतात. त्यांना वेगळा निरोप पाठवावा, शक्य तर फोनच करावा: “काका, ते कुठून आलं हो? मी शोधलं तर फोटो जुना निघाला, तुम्हीच काढता का?” माणसाला माघार घ्यायला वाट दिली तर तो सहसा घेतो. मात्र संदेश एखाद्या समाजावर, दुकानदारावर किंवा फेरीवाल्यावर बोट ठेवणारा असेल, तर खाजगीत बोलून भागत नाही. तिथे गप्प राहणाऱ्यांची संख्या संमती म्हणून मोजली जाते. तेव्हा ग्रुपवरच, दोन ओळींत, रागावल्याशिवाय लिहावं: आधी खरं काय ते, मग संदेशात काय चुकलं ते. अफवा ठळक अक्षरांत पुन्हा लिहून तिच्याखाली ‘हे खोटं आहे’ असं लिहिणं टाळावं. लोकांना पुढे अफवाच आठवते, कारण पुन्हा पुन्हा कानावर पडलेलं खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे.

घटना घडून गेल्यावरही काम संपत नाही. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावानं मारलं. चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत, अशी अफवा त्या परिसरात आधीपासून होती आणि दोनच दिवसांपूर्वी तिथे एका डॉक्टरच्या गाडीवर हल्लाही झाला होता. म्हणजे सूचना मिळाली होती. हत्येची दृश्यं पसरल्यावर दुसरी अफवा उठली: मारणारे विशिष्ट धर्माचे होते. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादीच प्रसिद्ध करावी लागली. त्यात एकही मुस्लिम नाही, हे सांगण्यासाठी. पहिल्या अफवेनं तीन माणसं घेतली; दुसरी किती घेऊ शकली असती, याची कल्पना हडपसरला आहे.

खरं-खोटं सरकारनंच का ठरवू नये, असा प्रश्न इथे येतो. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये नियम बदलून आपल्या कारभाराविषयीची खोटी माहिती ठरवणारं पथक नेमण्याची तरतूद केली. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. मला हा निकाल योग्य वाटतो. ज्याच्याविषयी बोललं जात आहे त्यालाच पंच नेमणं बरं नाही. शिवाय याच राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर एकीनं दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीनं त्या ‘लाइक’ केल्या म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. त्या प्रकरणातूनच पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि ते २०१५ मध्ये रद्द झालं.

सरकारी पंच नको असेल तर काही काम आपल्याकडे येतं, आणि ते बऱ्याच अंशी ग्रुपच्या ॲडमिनकडे. सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा अटकेच्या भीतीनं ॲडमिनपद सोडण्याचं कारण नाही. गावात तणाव असेल त्या रात्री ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सोय सुरू करावी, सोसायटीतल्या दोन-तीन वेगवेगळ्या समाजांच्या जाणत्या माणसांना फोन करून बोलतं ठेवावं, पोलीस ठाण्यातून खात्री केलेली माहिती वेळ लिहून टाकावी, आणि उशिरा घरी परतणारे कोण आहेत, ते पोहोचले का, याची चौकशी करावी.